तेरावी डिस्क

"अहो, थांबवा! थांबवा ते यंत्र! तो खांब कोणी कापला ते मला आधी सांगा!"

अण्णा ओरडत होते. अण्णा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य धरणाच्या भिंतीवर उभं राहून खालच्या माणसांशी बोलण्यात गेलेलं, त्यामुळे साधं "मीठ द्या" म्हणाले तरी समोरच्या इमारतीवरची कबुतरं जागा बदलायची. त्या संध्याकाळी ते टीव्हीवर ओरडत होते. टीव्हीत धुक्याचा समुद्र होता, त्या समुद्रात ताडासारख्या उंच खांबांवर एक गाव उभं होतं, त्यातला एक खांब नुकताच कडाडकन मोडला होता, आणि हिरव्या केसांची एक मुलगी हातात कंदील घेऊन त्या कलत्या गावातून धावत सुटली होती.

"कापला नाही अण्णा, मोडला," मी रिमोट दाबून चित्र थांबवत म्हटलं.

"एवढा खांब असा मोडत नसतो, जावईबापू. पाया किती खोल आहे याचा?"

"अकरा पुरुष," मी ठोकून दिलं.

"कोण म्हणालं?"

"आत्ता ती छत्रीवाली मावशी नाही का म्हणाली?"

जमिनीवर पालथी पडून, हनुवटी तळव्यांवर टेकवून बघणारी माझी सहा वर्षांची मुलगी जुई मान न वळवता पुटपुटली, "चिगाउ."

चिगाउ म्हणजे 'तसं नाहीये'. जपानी शाळेत जाणारं पोर हा शब्द दिवसातून साधारण चारशे वेळा वापरतं, आणि त्यातले तीनशे नव्वद तरी त्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला आले.

हे सगळं आज आठवायचं कारण माझ्या तळहातावर आहे. इचिकावाचं हे घर आम्ही सोडतोय. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, योकोहामाला नवीन प्रयोगशाळा मिळाली आहे, आणि मी गेले चार दिवस घरातल्या वस्तूंची वर्गवारी करतोय: जळणाऱ्या, न जळणाऱ्या, पुनर्वापराच्या, आणि ज्यांच्याकडे बघत बसल्याने जेवायची वेळ टळून जाते अशा. या शेवटच्या ढिगात एक डिस्क सापडली. पारदर्शक डबी, वर '13' असा आकडा, आणि डबीवर अर्धवट सोललेली एक लाल चिठ्ठी. नाकाशी नेली तर अजून आल्याचा वास येतो. येत नसेलही. मला येतो, आणि मी काही खोटं बोलणारा माणूस नाही.

बरं, आहे. पण ते कसं झालं ते ऐका.

मार्चमधला तो मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या इमारतीत तीन मराठी घरं होती. दहा दिवसांत एक उरलं, आमचं. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी विमानतळाच्या बसकडे धावता धावता आमच्या दारात एक खोका ठेवून गेले. त्यात शिट्टी हरवलेला कुकर होता, अर्धी पिशवी तूरडाळ होती, आणि लहान मुलांच्या एका जपानी कार्टून मालिकेच्या तेरा डिस्क होत्या. एकेका डिस्कवर दोन भाग. कुलकर्ण्यांची पोरं इथेच वाढलेली, त्यांना जपानी पाण्यासारखं यायचं. त्यामुळे त्या डिस्कवर ना इंग्रजी अक्षरं, ना दुसऱ्या कुठल्या भाषेतला आवाज. पडद्याखाली जिथे भाषांतर उमटायला हवं, तिथे नुसती काळीभोर पट्टी. माझं तेव्हाचं जपानी म्हणजे स्टेशनवर भात-रस्सा मागवण्याएवढं, आणि अकरा प्रकारे माफी मागण्याएवढं. ऑफिसात मी इंग्रजीवर तरून होतो. घरात खरं जपानी येणाऱ्या दोघीच, मंजिरी आणि जुई.

मे महिन्यात अण्णा आले. सामानात सात किलो शेंगदाण्याची चटणी, चार सदरे आणि पितळेचा एक ओळंबा. होय, ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधून सोडतात तो. विमानतळावर त्याच्यासाठी त्यांना पाऊण तास थांबवून ठेवलं होतं, आणि अण्णांनी तिथल्या अधिकाऱ्यांना मराठीतून बांधकामशास्त्राचा पहिला धडा देऊन तो सोडवून आणला होता. घरात पाऊल टाकल्याबरोबर, हातपाय धुवायच्याही आधी, त्यांनी स्टुलावर चढून तो बैठकीच्या दाराच्या चौकटीत टांगला. मग खाली उतरले, ओळंबा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आणि म्हणाले, "पोरीला न्यायला आलोय."

मला वाटलं होतं मंजिरी भांडेल. ती भांडली नाही. दिवसातून चारपाच वेळा जमीन हलत होती, तिचे प्रयोग बंद पडलेले, किरणोत्साराच्या भीतीने जुईच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या बाटलीत घरचं पाणी. ती भांडी विसळत पाठमोरीच म्हणाली, "तू आणि अण्णा ठरवा. मला काही सुचत नाही."

अण्णांचं तर ठरलेलंच होतं. साताऱ्यात शाळा बघून ठेवली होती, गणवेशाचं कापडसुद्धा घेतलं होतं. माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. 'मला तिच्याशिवाय करमणार नाही' हा काही मुद्दा नव्हे. सासऱ्यांसमोर तर नव्हेच.

तोडगा काढला तो जुईने. ती तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती, पाठीवर तिच्या वजनाएवढं लाल दप्तर. खोक्यातली पहिली डिस्क हातात धरून ती आजोबांसमोर उभी राहिली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "ही गोष्ट संपल्यावर जाऊया."

अण्णा शब्दाचे पक्के. "बरं," ते म्हणाले. "गोष्ट संपली की निघायचं. पण मला यातलं काही कळणार नाही, त्याचं काय?"

"मी सांगतो ना," मी म्हणालो. "सगळं मराठीत सांगतो."

त्या क्षणापर्यंत मी हौशी थापाड्या होतो. त्यानंतर मी धंद्यात उतरलो.

हिशेब सरळ होता. सव्वीस भाग. रोज एक पाहिला तर महिन्याच्या आत जुई साताऱ्यात. म्हणजे भाग लांबला पाहिजे. आणि भाग लांबवायचा तर पात्रांना बोलू देऊन चालणार नाही, मीच बोललं पाहिजे. त्या हिरव्या केसांच्या मुलीचं नाव मी ठेवलं पालवी. तिच्याबरोबर बैलाएवढा एक एकशिंगी बोकड असायचा, त्याला भाऊसाहेब. छत्रीवाली ती मावशी. आणि एक म्हातारा नावाडी होता, पायघोळ दाढीचा, वल्ही न मारता धुक्यातून नाव हाकणारा, अधूनमधून येऊन पालवीकडे नुसता बघत बसणारा. तो तात्या. जपानी लेखकाने त्यांची काय नावं ठेवली होती कोण जाणे. मालिकेचं नावसुद्धा मला वाचता येत नव्हतं. आमच्या घरात तिला 'खांबांचं गाव' म्हणायचे.

विजेची टंचाई होती म्हणून आमचं ऑफिस त्या उन्हाळ्यात सकाळी सातला उघडायचं आणि चारला बंद व्हायचं. स्टेशनातले सरकते जिने थांबवलेले, दिवे एकाआड एक विझवलेले, आणि त्या निम्म्या उजेडात माणसं एकमेकांना धक्का लागू न देता, जराशी हळू आवाजात बोलत चालायची, देवळात चालतात तशी. मी घरी पोचायचो तेव्हा पाच वाजत आलेले असत, शाळेतून आलेली जुई आणि अण्णा तोवर दोघंच घरात. बरोब्बर पाचला गावातल्या खांबांवरच्या भोंग्यांतून संथ, थोडी बेसूर अशी एक धून वाजायची. मुलांनो, आता घरी जा, असा तिचा अर्थ. खरं म्हणजे संकटकाळासाठी बसवलेले भोंगे नीट चालतात का, हे रोज तपासायची ती रीत. पण अण्णांना ती आरतीसारखी वाटायची. धून संपेपर्यंत ते उभे राहत, मग बसत, मग म्हणत, "हं. लावा."

यंत्र डिस्क गिळायचं तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी घुर्र, मग टक्, मग बारीक शिट्टीसारखं काहीतरी. खिडकीत मच्छर अगरबत्तीची वळी जळायची, तिचा औषधी हिरवा वास. बाल्कनीत कारल्याचा वेल. त्या वर्षी उन्हाला अडवायला सगळ्या इमारतीने बाल्कन्यांत जाळी बांधून कारली चढवली होती. आमची रोपं तळमजल्यावरच्या ओनो-सान आजींनी दिलेली. या ओनो-सान म्हणजे आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या सर्वेसर्वा, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. अण्णांनी त्या वेलाचा ताबा घेतला. जुलैत तो असा माजला की दुपारी दोनला घरात हिरवा अंधार पडायचा आणि आम्ही दिवा लावायचो. वीज वाचवायला लावलेल्या वेलामुळे दिवा लावणारं अख्ख्या जपानात आमचं एकच घर असेल. शिवाय कारली. भरली कारली, काचऱ्या, पंचामृतातली. आमच्या स्वयंपाकाच्या वासाने वरच्या मजल्यावरच्या बाईंची जुनी सर्दी कायमची गेली.

अण्णा सातूचा गार चहा प्यायचे, त्याला 'करपलेल्या भाकरीचं पाणी' म्हणून नावं ठेवायचे, आणि रोज तीन पेले संपवायचे. जुई शाळेतली भूकंपाची टोपी घालून बसायची. ही टोपी म्हणजे गोधडीची शिवलेली जाड कुंची, खांद्यापर्यंत येणारी. शाळेत ती प्रत्येक मुलाच्या खुर्चीच्या पाठीला लटकवलेली असते. शनिवारी धुवायला घरी आली की ही पोरगी ती उकाड्यातही डोक्यावरून काढायची नाही. एका शनिवारी मी आलो तर ती टोपी अण्णांच्या डोक्यावर. हनुवटीखाली बंद बांधलेला, मिशा बाहेर, आणि समोर जुई शिक्षिका होऊन उभी. मला बघताच ते गरजले, "कवायत चालू आहे! हसायचं काम नाही!"

आणि मी बोलायचो. काय बोलायचो! कालचं काय घडलं हे सांगण्यातच मी वीस मिनिटं घालवायचो. भाऊसाहेब या पडद्यावर पालापाचोळा चघळणाऱ्या बोकडाला मी पंचायत समितीचं राजकारण दिलं. पूर्वी हा सभापती होता, सख्ख्या चुलतभावाने दगा दिला, तेव्हापासून दुसरं शिंग नाही. मावशीच्या छत्रीला मी सतरा काड्या दिल्या आणि प्रत्येक काडीचा वेगळा इतिहास. मी रिमोट दाबून चित्र थांबवायचो, सांगायचो, पुन्हा चालू करायचो. एकदा चौदा मिनिटांच्या चित्राला आम्हाला अडीच तास लागले आणि तेवढ्यात पडद्यावर फक्त एक दार उघडलं होतं.

सुरुवातीला जुई प्रत्येक वाक्याला 'चिगाउ' म्हणायची. मी तिच्याकडे डोळे वटारायचो, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आइस्क्रीम आणायचो. पुढे तिने ते सोडून दिलं. मला वाटलं आइस्क्रीमने काम केलं.

अण्णा पूर्ण अडकले होते. इतके की एका दुपारी मला ऑफिसात फोन आला. मी घाबरून मीटिंगमधून उठून बाहेर गेलो. "जावईबापू," अण्णा म्हणाले, "भाऊसाहेबांच्या खुराला आता कसं आहे?"

पण अधूनमधून ओळंबा हलायचा.

आधी तो हलायचा, मग आपल्याला कळायचं. पितळेचं ते टोक हळूच एक गोल काढायचं, मग कपाटातल्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायच्या, मग जमीन. माझी गोष्ट तिथल्या तिथे थांबायची. अण्णा जुईच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि ओळंब्याकडे बघत राहायचे. कबुतरं उडवणारा तो माणूस एवढा गप्प की मला खोलीतला दुसरा आवाज, वेलातून येणारा वारा, ऐकू यायचा. टोकाचा गोल लहान लहान होत जायचा. शेवटी "थांबला," असं अण्णा म्हणायचे. जुई तेच जपानीत म्हणायची. मग म्हणायचे, "हं. लावा."

मंजिरीने मला एकदाच सांगितलं होतं, तेही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, की कोयनेच्या भूकंपात अण्णा तिथे होते. नोकरीला नुकते लागलेले, कॉलनीत राहायला. त्यापुढचं तिलाही माहीत नव्हतं. घरात तो विषय नव्हता. मी एका संध्याकाळी धीर करून विचारलं, "अण्णा, तुम्हाला भीती वाटते का हो?" तर ते एवढ्या मोठ्याने हसले की ओळंबा हलला. "मला? चाळीस वर्षं धरणाखाली घर करून राहिलोय मी!"

असं करत करत बारा डिस्क संपल्या. मे गेला, जून गेला, जुलै अर्धा गेला. मी जगातल्या कुठल्याही माणसाने कधी ताणली नसेल एवढी एक मालिका ताणली. पण तेरावी समोर आली तेव्हा माझ्याकडची दोरी संपली होती. अण्णांनी जुईची पिशवी बाहेर काढली होती. तिचे स्वेटर घडी करून त्यात ठेवले होते. रात्री मंजिरीने ते पाहिले, एक स्वेटर उचलला, पुन्हा त्याची घडी केली, तिथेच ठेवला.

मग मी केलं ते फक्त आमच्यासारखा माणूसच करील. मी तेरावी डिस्क कचऱ्यात टाकली. नीट विचार करून, चहाच्या चोथ्यात पुरून, वर कांद्याची सालं पसरून, जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत. सकाळी ऑफिसला जाताना कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीखाली ठेवली आणि असा चालत गेलो जसा दरोडा टाकून माणूस देवदर्शनाला जातो. एवढा चतुर मी, पण दोन गोष्टी विसरलो. एक, इथे कचऱ्याची पिशवी पारदर्शक असते. दुसरी, अख्ख्या इमारतीत चहात आलं घालणारं घर एकच उरलं होतं.

संध्याकाळी धून वाजत असताना दारावरची घंटी वाजली. दारात ओनो-सान. चार फूट दहा इंच उंची, पांढरे हातमोजे, आणि दोन्ही हातांवर, नैवेद्य आणावा तशी, डिस्कची डबी. वर लाल चिठ्ठी: हा माल आज नेला जाणार नाही, वर्गवारी चुकली आहे. सोबत कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या सरळ अण्णांसमोर वाकल्या आणि बरंच काही बोलल्या. जुईने सांगितलं, "त्या म्हणतात, लहान मुलाची वस्तू चुकून गेली असेल, मूल रडत असेल."

अण्णा वाकले. ओनो-सान वाकल्या. मग पुन्हा अण्णा. त्या दोघांचं वाकणं सात-आठ वेळा तरी चाललं. मी मधे उभा, मला वाकायलाही कोणी जागा देईना.

दार लागलं. अण्णांनी डबी उजेडात धरली. त्यांनी लाल चिठ्ठी पाहिली, डबीच्या खाचेत अडकलेला चोथ्याचा कण पाहिला, बोटावर घेतला, हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता गडगडाट होणार, आता वरच्या मजल्यावरच्या बाईंची सर्दी परत येणार.

"चहाचा चोथा लागलाय," अण्णा हळू म्हणाले. "पुसून घ्या. शनिवारी बघू."

शनिवारी आम्ही बसलो. मंजिरी प्रयोगशाळेत गेली होती. तिला ते बघायचं नव्हतं. जुईच्या डोक्यावर टोपी. दाराशी तिची पिशवी, भरलेली. मी शेवटचा डाव तयार ठेवला होता. चार दिवस ट्रेनमध्ये पुटपुटत पाठ केला होता.

पडद्यावर धुकं विरलं. खांब अजून डुलत होते, पण गाव उभं होतं. पालवी फळीच्या टोकाला पाय सोडून बसली होती. तात्याची नाव आली. तो वर चढला, तिच्याशेजारी बसला, एक मोठी वाटी त्याने फळीवर ठेवली, आणि तिच्याकडे बघत, दाढीतल्या दाढीत काहीतरी बोलला. एकच वाक्य. मी रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"तात्या म्हणतो," मी सुरू केलं, आवाज जरा घोगरा करून, "तात्या म्हणतो, पोरी, मी तुला न्यायला आलो होतो. पण गाव हललं म्हणून गाव सोडायचं नसतं. तुझे आईबाप इथे आहेत, तुझा बोकड इथे आहे. तू इथेच राहा. मी आपला माघारी—"

"चिगाउ," जुई म्हणाली.

या वेळी ती पुटपुटली नाही. उठून उभी राहिली, टोपीचा बंद सुटलेला. मी डोळे वटारले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

अण्णांनी विचारलं, "मग काय म्हणतोय तो, बाळा?"

जुईने टीव्हीकडे बोट केलं. "तो म्हणतो, मला भीती वाटते. हिला नाही वाटत. मला वाटते."

बाहेर वेलात कुठलंसं पाखरू पंख झटकत होतं. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. पडद्यावर म्हातारा आणि पोरगी तशीच थांबलेली, वाटीवर वाफेची एक रेघ हवेत अडकलेली. मी रिमोट हातात धरून बसलो. माझ्याकडे शब्द नव्हता. हे माझ्या बाबतीत आयुष्यात दोनदा घडलंय. दुसरी वेळ सांगतोच.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "एकट्याचं तिकीट बघा."

मग उठले, दाराशी गेले, पिशवीतून स्वेटर एकेक करून काढले आणि कपाटात ठेवले. मंजिरी आली तेव्हा पिशवी रिकामी होती. ती तिच्याकडे बघत बुटांसकट दारातच उभी राहिली. अण्णा आतून ओरडले, "बूट काढ! आणि मंगळवारी खालची कारली काढून घ्या, पिकायला लागलीत!"

ओळंबा ते इथेच ठेवून गेले. विमानतळावर जुईला म्हणाले, तो थांबला की मला फोन करायचा. तिने केलेही, कितीतरी वर्षं. हलला की फोन, थांबला की फोन. अण्णांना जाऊन आता तीन वर्षं झाली. ओळंबा अजून चौकटीत आहे, उद्या काढायचाय, आणि मी तो सोडून बाकी सगळं घर बांधून ठेवलंय.

आज दुपारी ऑफिसातल्या एका पोराकडून डिस्क चालवायचं यंत्र मागून आणलं. आता असलं यंत्र कोणाकडे नसतं. त्याच्याकडे आजीचं होतं. आता माझं जपानी बरं आहे. इतक्या वर्षांत दगडालाही आलं असतं. मी खोक्यांच्या मधे जमिनीवर बसलो. घुर्र, टक्, बारीक शिट्टी. धुकं विरलं. तात्या आला, बसला, वाटी ठेवली, पालवीकडे बघितलं, आणि दाढीतल्या दाढीत म्हणाला, "सूप गार होतंय."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सूप गार होतंय. सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा सूपच.

जुई आता कोबेला शिकते आणि फावल्या वेळात एका बेकरीत काम करते. तिची सुट्टीची पंधरा मिनिटं मला पाठ आहेत. पाचची धून संपल्यावर मी फोन लावला.

"तेराव्या डिस्कमध्ये तो म्हातारा काय म्हणतो, आठवतं?"

"कोण म्हातारा?" मागे भांड्यांचा, ट्रे आदळल्याचा आवाज.

"तात्या. नावाडी."

"हां, तो. सूप गार होतंय म्हणतो ना."

"तुला आठवतंय!"

"बाबा, मी ती सगळी मालिका कुलकर्ण्यांच्या घरी आधीच तीनदा बघितली होती."

हीच ती दुसरी वेळ. सव्वीस भाग, अडीच महिने, माझा बोकड, माझी पंचायत समिती, माझ्या सतरा काड्या. मी ओळंब्याकडे बघत राहिलो. तो अगदी सरळ, निश्चल होता.

"मग 'मला भीती वाटते' असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

पलीकडे ओव्हनची घंटी वाजली. कोणीतरी तिला हाक मारली, तिने जपानीत "आले" म्हटलं.

"आजोबा म्हणायचे," ती म्हणाली. "रोज दुपारी."